थाप, उलटतपासणी आणि प्रेक्षक

ब्रिटनमधील बीबीसी वन या वाहिनीवर जून २००७ पासून चालत आलेला 'वुड आय लाय टू यू?' हा कार्यक्रम विनोदी कलावंतांनी एकमेकांना थापा मारण्याचा खेळ म्हणून ओळखला जातो, आणि त्याची लोकप्रियता पाहता ही ओळख चुकीची म्हणता येणार नाही. तथापि समोरचा माणूस खरे बोलतो आहे की खोटे, हे ओळखण्याची आपली शक्ती किती तोकडी आहे, याचे इतके दीर्घकाळ आणि इतक्या उघडपणे चाललेले दुसरे प्रात्यक्षिक दूरचित्रवाणीवर सापडणे कठीण आहे. प्रस्तुत लेखात या खेळाची घडण, त्याची वंशावळ आणि असत्य ओळखण्याविषयीचे मानसशास्त्रीय संशोधन यांचा एकत्र विचार केला असून, या खेळात खोटे बोलणाऱ्यापेक्षा खरे बोलणाऱ्याची अवस्था अधिक अभ्यसनीय आहे, आणि तिच्यातून मिळणारा बोध दिवाणखान्यापुरता नसून पोलीस ठाण्यापर्यंत आणि न्यायालयापर्यंत पोहोचणारा आहे, हे त्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

पॅनेल शो हा ब्रिटिश दूरचित्रवाणीवर मुरलेला प्रकार आहे. सूत्रसंचालकाच्या दोन बाजूंना दोन संघ बसतात, प्रत्येक संघाला एक कायमचा कर्णधार असतो, उरलेल्या जागांवर दर भागात वेगळे पाहुणे येतात, आणि गुण मोजले जात असले तरी प्रेक्षक गुणांसाठी नव्हे, तर बोलणे ऐकण्यासाठी तो पाहतो. या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन पहिल्या दोन मालिकांत अँगस डेटन यांनी केले आणि २००९ पासून ते वेल्श अभिनेते रॉब ब्रायडन यांच्याकडे आहे. कर्णधार मात्र आरंभापासून डेव्हिड मिचेल आणि ली मॅक हेच दोघे आहेत. मिचेल हे केंब्रिज विद्यापीठातील 'फुटलाइट्स' या विद्यार्थी नाट्यमंडळातून पुढे आलेले, वाक्यातील एखादी विसंगती हाती लागली की तिचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवणारे. तर साउथपोर्टचे मॅक हे हजरजबाबी आणि समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच त्यावर कोटी करणारे. या दोन स्वभावांच्या जोडीवर कार्यक्रमाचा बराचसा तोल उभा आहे, कारण एकाच गोष्टीची परीक्षा एक जण तर्काने आणि दुसरा माणूस वाचून करतो, आणि दोघेही वारंवार फसतात.

खेळाच्या पहिल्या फेरीचे नाव 'होम ट्रुथ्स'. तीत प्रत्येक खेळाडू समोर ठेवलेले कार्ड उचलून त्यावरील स्वतःविषयीचे विधान मोठ्याने वाचतो आणि मग प्रतिपक्ष त्याला प्रश्न विचारून ते विधान खरे की खोटे याचा निर्णय देतो; त्यानंतर खेळाडूने बटण दाबले की 'खरे' किंवा 'खोटे' ही उजळ अक्षरे झळकतात. येथे एक नियम निर्णायक ठरतो: कार्डावर काय लिहिले आहे हे खेळाडूला आधी ठाऊक नसते. विधान खोटे असेल तर त्याला त्याच क्षणी एक संपूर्ण प्रसंग, त्यातली माणसे, जागा आणि कारणे यांसह रचावा लागतो, हे उघड आहे. परंतु विधान खरे असले तरी आपल्या आयुष्यातील नेमका कोणता प्रसंग आज मांडायचा आहे हे त्याला तेव्हाच कळते, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीची आठवण धुंडाळताना तोही अडखळतो, मागेपुढे करतो, आधी सांगितलेले दुरुस्त करतो. खोटे बोलणाऱ्याची म्हणून जी लक्षणे लोक सांगतात, ती सगळी या नियमामुळे खरे बोलणाऱ्यालाही चिकटतात, आणि चेहऱ्यावरून निदान करू पाहणाऱ्याचा आधार काढून घेतला जातो.

त्यात भर अशी की खरे कार्ड मिळालेल्या खेळाडूचे हित विश्वास संपादन करण्यात नसून अविश्वास निर्माण करण्यात असते, कारण प्रतिपक्ष चुकला तरच त्याच्या संघाला गुण मिळतो. म्हणजे तो एकही खोटे वाक्य न उच्चारता ऐकणाऱ्याची फसवणूक करू पाहतो. असत्य भाषण आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा नीतिशास्त्रातील महत्त्वाचा भेद येथे प्रत्यक्ष दिसतो: असत्य हा वाक्याचा गुण आहे, तर फसवणूक हा हेतूचा. द्रोणपर्वातील युधिष्ठिराचे 'नरो वा कुंजरो वा' मराठी माणसाच्या तोंडी म्हणीसारखे बसले आहे ते याच भेदामुळे. उलट खोटे कार्ड वाचणारा असत्य बोलत असला तरी त्याला खोटे बोलणारा म्हणून दोष देता येत नाही, कारण खेळाचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. संत ऑगस्टीन यांनी असत्याच्या मीमांसेतून थट्टेतील बोलणे प्रारंभीच वगळले होते, आणि महाभारताच्या आदिपर्वात शर्मिष्ठा ययातीला ज्या पाच प्रसंगी असत्याचा दोष लागत नाही असे सांगते, त्यांत थट्टेचा प्रसंग आहेच. दोन परस्परांपासून दूरच्या परंपरा या एका मुद्द्यावर एकत्र याव्यात, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

खऱ्याची अवस्था कशी होते हे बॉब मॉर्टिमर यांच्या सहभागावरून सर्वांत स्पष्ट दिसते. मिडल्सब्रो येथे १९५९ मध्ये जन्मलेले मॉर्टिमर विनोदी अभिनयाकडे वळण्यापूर्वी वकिली करत होते, आणि या कार्यक्रमात ते आले की प्रतिपक्षाची त्रेधा उडते. आपण स्वतःच्या दातांवरील उपचार स्वतःच करतो, असे विधान त्यांनी एका भागात वाचले. प्रश्नांना उत्तरे देताना त्यांनी दात भरण्याच्या 'फुजी नाइन' या सिमेंटचे नाव घेतले, ते कसे वापरायचे याची कृती सांगितली, आणि हे सगळे इतक्या निवांत, घरगुती सुरात सांगितले की ऐकणाऱ्याला ही शुद्ध लोणकढी वाटावी. विधान खरे निघाले. दुसऱ्या एका भागात नुसत्या हातांनी सफरचंदाचे दोन तुकडे करता येतात असे त्यांनी सांगितले, आणि शेवटी स्टुडिओत सफरचंद आणून ते सर्वांसमक्ष फोडून दाखवले. या दोन उदाहरणांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सफरचंदाच्या बाबतीत पुरावा समोर आणता आला, म्हणून वाद मिटला. दातांच्या बाबतीत पुरावा म्हणून केवळ साक्ष होती, आणि साक्ष देणाऱ्याचा स्वभाव विक्षिप्त असल्यामुळे ती अविश्वसनीय वाटत होती. त्या साक्षीत वजनदार गोष्ट होती ती म्हणजे उगाच कोणाला सुचणार नाही असे एका पदार्थाचे नेमके नाव, पण हसणाऱ्या माणसांच्या गर्दीत अशा तपशिलाकडे लक्ष जाणे अवघड असते.

स्कॉटिश विनोदवीर केव्हिन ब्रिजेस यांनी सांगितलेली गोष्टही याच पंक्तीतली आहे. बल्गेरियात सुट्टीवर असताना आपण चुकून एक घोडा विकत घेतला, असे त्यांचे विधान होते. घोडा भाड्याने घ्यायला गेलेला पर्यटक भाषा न कळल्यामुळे त्याचा मालक होऊन बसतो, ही कल्पना एखाद्या फार्सात शोभावी अशी. आणि तरीही ती खरी होती. खोटी विधाने रचणाऱ्याला ती पटण्याजोगी व्हावीत यासाठी खेळाडूच्या स्वभावाला आणि परिस्थितीला धरून चालावे लागते; प्रत्यक्ष आयुष्याला तसे कोणतेच बंधन नसते. म्हणून पटण्याजोगे असणे हा सत्याचा निकष मानून चालणारा खेळाडू या खेळात हटकून मार खातो.

दुसऱ्या फेरीत एक अनोळखी व्यक्ती मंचावर येऊन उभी राहते, एका संघातील तिघेही जण तिच्याशी आपला संबंध असल्याचे सांगतात, आणि त्यांतला खरा संबंध कोणाचा हे प्रतिपक्षाला ओळखावे लागते. ती व्यक्ती निर्णय होईपर्यंत एक शब्दही बोलत नाही. तिच्याभोवती तीन वेगवेगळी आयुष्ये रचली जात असताना ती तशीच उभी असते, आणि शेवटी आपले नाव व नाते सांगून सोक्षमोक्ष लावते. कार्यक्रमातील सर्वोत्तम फेरी हीच, असे निःसंकोच म्हणता येते. कारण येथे परीक्षा एका विधानाची नसून तीन परस्परविरोधी साक्षींची होते, आणि न्यायाधीशाच्या कामाशी तिचे साम्य सर्वांत जवळचे आहे. शेवटची जलद फेरी वेळ संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत चालते. तिच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही.

या दुसऱ्या फेरीचे मूळ अमेरिकेत आहे. सीबीएस वाहिनीवर १८ डिसेंबर १९५६ रोजी 'टू टेल द ट्रुथ' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन जण आपण एकच विशिष्ट व्यक्ती असल्याचा दावा करत, चार परीक्षक त्यांना प्रश्न विचारत, आणि अखेरीस खऱ्या व्यक्तीला उठून उभे राहण्यास सांगितले जाई. त्याच महिन्यात, ५ डिसेंबर रोजी, एनबीसी वाहिनीच्या 'ट्वेंटी-वन' या प्रश्नमंजूषेत हर्बर्ट स्टेम्पेल हे विजेते स्पर्धक १९५५ च्या सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करविषयीच्या प्रश्नावर चुकले. बरोबर उत्तर 'मार्टी' हे होते आणि ते त्यांना ठाऊक होते, परंतु निर्मात्यांनी आधीच बजावल्याप्रमाणे त्यांनी 'ऑन द वॉटरफ्रंट' असे उत्तर दिले आणि चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या, सुशिक्षित प्राध्यापकासाठी जागा मोकळी केली. व्हॅन डोरेन यांनाही उत्तरे आधी पुरवली जात होती, याची कबुली त्यांनी २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे दिली, आणि १९६० मध्ये अशा प्रश्नमंजूषांत लबाडी करणे हा कायद्याने गुन्हा ठरला. एकाच महिन्यात अमेरिकी प्रेक्षकापुढे दोन खेळ होते: एकात खोटे बोलणे जाहीर होते आणि प्रेक्षकाला ते ओळखण्याचे आमंत्रण होते, दुसऱ्यात ज्ञानाची परीक्षा चालल्याचे भासवून प्रत्यक्षात नाटक चालू होते. लाखो लोकांनी व्हॅन डोरेन यांचा कपाळावरचा घाम, आठवण्याचा प्रयत्न करताना आवळलेले ओठ पाहिले आणि त्यांवर विश्वास ठेवला.

ब्रिटनमध्ये ही परंपरा १९६५ पासून 'कॉल माय ब्लफ' या कार्यक्रमाने चालवली, ज्यात एका दुर्मिळ शब्दाचे तीन अर्थ सांगितले जात आणि त्यांतला खरा ओळखायचा असे. 'वुड आय लाय टू यू?' ने शब्दाच्या जागी माणसाचे आयुष्य ठेवले, आणि या बदलाने खेळाला जिव्हाळा आणला, कारण शब्दाच्या अर्थाला लाज वाटत नाही, माणसाला वाटते. पुढे हा आराखडा इतर देशांतही गेला. २०२२ मध्ये आलेल्या अमेरिकी आवृत्तीचे सूत्रसंचालक आसिफ मांडवी हे जन्माने मुंबईचे आहेत.

आता संशोधनाकडे वळले पाहिजे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असत्य ओळखण्याविषयीच्या २०६ संशोधन-लेखांतील निष्कर्ष एकत्र करून त्यांचे संकलित विश्लेषण प्रसिद्ध केले. संकलित विश्लेषण म्हणजे अनेक स्वतंत्र अभ्यासांची आकडेवारी एकत्र मांडून काढलेला निष्कर्ष. त्यात २४,४८३ व्यक्तींच्या निर्णयांचा समावेश होता, आणि अचूकतेचे सरासरी प्रमाण निघाले ५४ टक्के, म्हणजे नाणे उडवून निर्णय घेतला तर जे प्रमाण येईल त्याहून किंचित अधिक. या सरासरीच्या पोटात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: खऱ्या विधानांपैकी ६१ टक्के ओळखली गेली, खोट्यांपैकी फक्त ४७ टक्के. म्हणजे माणसाचा कल विश्वास ठेवण्याकडे असतो. संशोधक टिमथी लेव्हिन यांनी याला सत्य-गृहीतकाचा सिद्धान्त असे रूप दिले: समोरचा खरेच बोलतो आहे असे धरून चालणे ही माणसाची मूळ स्थिती असून संशयाला ठोस कारण मिळाल्याशिवाय तो ती सोडत नाही, आणि बहुतेक लोक बहुतेक वेळा खरेच बोलत असल्यामुळे ही सवय एकंदरीत हिताची आहे. या सवयीला दुबळेपणा म्हणणे योग्य नाही. तिच्याशिवाय ना बाजार चालेल, ना कुटुंब.

या विषयावरील सर्वांत बोलका प्रयोग ब्रिटनमध्येच, आणि तोही दूरचित्रवाणीच्या साहाय्याने, झाला. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी १९९४ मध्ये सर रॉबिन डे या ख्यातनाम राजकीय मुलाखतकाराच्या दोन छोट्या मुलाखती घेतल्या. दोन्हींत प्रश्न एकच, आवडत्या चित्रपटाविषयीचा. एका मुलाखतीत डे यांनी 'गॉन विथ द विंड' चे नाव घेतले, दुसरीत 'सम लाइक इट हॉट' चे, आणि त्यांतली एक मुलाखत संपूर्ण खोटी होती. मंत्र्यांना आयुष्यभर आडवेतिडवे प्रश्न विचारलेला माणूस येथे स्वतःच उत्तरे देण्याच्या जागी बसला होता. या मुलाखती बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' या विज्ञानविषयक कार्यक्रमात दाखवण्यात आल्या, रेडिओवर ऐकवण्यात आल्या आणि 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्रात छापण्यात आल्या, आणि लोकांना खोटी मुलाखत ओळखून कळवण्यास सांगण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक लोकांनी कौल दिला. खोटी होती ती 'गॉन विथ द विंड' ची मुलाखत; रेडिओ ऐकणाऱ्यांपैकी ७३.४ टक्के लोकांनी ती अचूक ओळखली, वृत्तपत्र वाचणाऱ्यांपैकी ६४.२ टक्के लोकांनी, आणि ज्यांना डे यांचा चेहरा, हात, डोळे सगळे काही दिसत होते त्या दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांपैकी केवळ ५१.८ टक्के लोकांनी. एका वक्त्याच्या एका खोट्यावरून सार्वत्रिक नियम काढू नये हे खरे, पण बाँड आणि डीपॉलो यांच्या विश्लेषणातही केवळ दृश्यावरून केलेले निर्णय आवाज ऐकून केलेल्या निर्णयांपेक्षा कमी अचूक आढळले आहेत. नजर चुकवणे, चुळबुळ, घाम ही जी चिन्हे जगभरचे लोक खोटेपणाची म्हणून सांगतात, ती मुख्यतः अस्वस्थतेची चिन्हे आहेत, आणि अस्वस्थ व्हायला माणूस खोटा असावा लागत नाही. त्याच्यावर संशय घेतला जात आहे एवढे पुरेसे असते.

मग खोटे ओळखायचे कशावरून? पोर्ट्‌स्मथ विद्यापीठातील आल्डर्ट व्रीज यांच्या संशोधनाचा रोख असा की खोटे बोलणे बुद्धीला श्रमाचे असते, म्हणून पाहण्यापेक्षा विचारण्यावर भर द्यावा: अपेक्षित नसलेले प्रश्न विचारावेत, घटना शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावावी, जागेची मांडणी विचारावी, पडताळता येईल असा तपशील मागावा. डेव्हिड मिचेल यांची उलटतपासणी पाहिली तर ती पुष्कळदा याच वाटेने जाताना दिसते. गोष्टीचा मुख्य भाग ते बाजूला ठेवतात आणि तिच्या कडांकडे वळतात: तेव्हा बाकीचे लोक कुठे होते, ती वस्तू पुढे कुठे ठेवली, घरी कोणाला काय सांगितले. थाप रचणाऱ्याने मधला प्रसंग रचलेला असतो, कडा रचलेल्या नसतात. तरीही मिचेल चुकतात, आणि चुकतात ते बहुधा तेव्हा, जेव्हा विसंगती सापडल्याबरोबर ती खोटेपणाचा पुरावा मानतात. प्रामाणिक आठवणही विसंगतींनी भरलेली असते, हे ते त्या क्षणी विसरतात.

संशय हा पुरावा नव्हे, हा धडा ब्रिटनला फार महागात पडलेला आहे. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या (आयआरए) बॉम्बस्फोटांच्या खटल्यांत कबुलीजबाबांच्या आधारे शिक्षा झालेले 'गिल्डफर्ड फोर' १९८९ मध्ये आणि 'बर्मिंगहॅम सिक्स' १९९१ मध्ये निर्दोष ठरून सुटले, तोवर त्यांच्या आयुष्याची पंधरा-सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. त्यानंतर १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील पोलिसांनी 'पीस' नावाची चौकशीपद्धत स्वीकारली, जिच्यात संशयिताकडून कबुली काढणे हे ध्येय नसून मोकळे प्रश्न विचारून माहिती मिळवणे आणि ती इतर पुराव्यांशी ताडून पाहणे हे ध्येय असते.

महाराष्ट्रातील वाचकालाही हा विषय परका नाही. बनावट मुद्रांक घोटाळ्यातील आरोपी अब्दुल करीम तेलगी याच्या नार्को चाचणीची चित्रफीत वृत्तवाहिन्यांवरून घरोघरी दाखवली गेली. नार्को चाचणी म्हणजे गुंगीचे औषध देऊन अर्धवट शुद्धीतील माणसाला प्रश्न विचारणे. याच प्रकरणाशी संबंधित खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना हरकत घेतली नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरी मोजणारी चाचणी या तिन्ही चाचण्या संबंधित व्यक्तीच्या संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद २० च्या तिसऱ्या खंडाने कोणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले आहे. पॉलिग्राफ म्हणजे रक्तदाब, श्वास, त्वचेची आर्द्रता यांची नोंद करणारे यंत्र. तेही अखेर अस्वस्थताच मोजते, असत्य नव्हे, आणि म्हणून त्याची मर्यादा तीच आहे जी रॉबिन डे यांच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाची होती.

म्हणूनच गंभीर गुन्ह्यातील संशयिताचे हात कसे हलत होते, तो पापणी किती वेळा लववत होता, यावरून निष्कर्ष काढणाऱ्या 'देहबोली-तज्ज्ञां'ना वृत्तवाहिन्यांनी चर्चेला बसवणे बंद केले पाहिजे. तसे निष्कर्ष चुकले तर दुसऱ्या दिवशी कोणी उजळ अक्षरांत 'खोटे' असे दाखवत नाही, आणि ज्याच्याविषयी ते काढले गेले त्याला उत्तर देण्याची संधीही मिळत नाही. ज्यांना या म्हणण्याची प्रचिती घ्यायची असेल त्यांनी 'वुड आय लाय टू यू?' चा एखादा भाग घरात दोन गट करून पाहावा: एका गटाने पडद्याकडे पाठ करून नुसते ऐकावे, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे पाहावे, आणि बटण दाबले जाण्यापूर्वी दोघांनी आपापला निर्णय कागदावर लिहून ठेवावा.